मुलाच्या चाकाने मोजलेला खानदेश

सहल या शब्दात सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याचा अर्थ मुरलेला आहे, आणि म्हणूनच आई, वडील व मुले यांनी सायकलींवर सामान बांधून, वाटेत मुक्काम करीत, दिवसामागून दिवस केलेल्या प्रवासाला तो शब्द अपुरा पडतो. अशा प्रवासासाठी मराठीत एक जुनी आणि नेमकी शब्दयोजना आहे, ती म्हणजे मजल दरमजल. मजल म्हणजे एका दिवसात पार पडणारा टप्पा. फौजेची मजल वेगळी, लमाणांच्या तांड्याची वेगळी आणि बैलगाडीत बसलेल्या बिऱ्हाडाची वेगळी. कौटुंबिक सायकलप्रवासाची मजल आईवडिलांच्या दमाने ठरत नाही, तर स्वतः पायडल मारणाऱ्यांपैकी जे सर्वांत लहान मूल असेल त्याच्या पायाने ठरते. ही गोष्ट मान्य केली की मुलांसह लांबचा प्रवास करणे हे धाडस उरत नाही, आणि ती मान्य केली नाही तर पन्नास किलोमीटरचा प्रवाससुद्धा मुलाच्या दृष्टीने शिक्षा ठरतो.

जगातील गाजलेल्या कौटुंबिक सायकलप्रवासांचे आकडे याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील नॅन्सी सॅथ्री-व्होगेल व जॉन व्होगेल हे शिक्षक दांपत्य आपल्या डॅरिल आणि डेव्ही या जुळ्या मुलांसह जून २००८ मध्ये अलास्कातून निघाले आणि मार्च २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या उश्वाया या गावी पोचले; निघताना मुले दहा वर्षांची होती आणि एकूण अंतर २७,००० किलोमीटरहून अधिक भरले. हा आकडा छाती दडपवणारा वाटतो, परंतु त्याला सुमारे हजार दिवसांनी भागले तर विश्रांतीचे दिवस धरून रोजची सरासरी तीस किलोमीटरपेक्षाही कमी येते. फ्रान्समधील फ्रांस्वाज व क्लोद एर्व्हे यांचा १९८० ते १९९४ असा चौदा वर्षे चाललेला जगप्रवास तर त्याहूनही सावकाश झाला. त्या प्रवासातच न्यूझीलंडमध्ये त्यांना मुलगी झाली आणि पुढचा प्रवास तिला सोबत घेऊन पार पडला.

तीस किलोमीटर ही संख्या खानदेशाला नवी नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मार्ग मोगलकाळात देशातील अत्यंत वर्दळीच्या मार्गांपैकी होता, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने त्या वाटेवरचे मुक्काम कोसांच्या हिशेबाने नोंदवून ठेवले आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही आजही नांदती असलेली गावे ओळखता येतात. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते आणि दिवसाकाठी सात-आठ तासांपलीकडे बैलांना जुंपणे त्यांच्या हिताचे नसते, त्यामुळे पाण्याची, चाऱ्याची व बाजाराची सोय असलेली गावे एकमेकांपासून साधारण त्याच अंतरावर वाढत गेली असावीत. आजच्या नकाशावर जळगावहून धरणगाव साधारण तीस, धरणगावाहून अमळनेर साधारण पंचवीस, अमळनेरहून धुळे साधारण पस्तीस. जळगावहून एरंडोल तीस, एरंडोलहून पारोळा पंचवीसच्या घरात आणि तेथून धुळे पस्तीसच्या आगेमागे. बैलाच्या दमाने ठरलेली ही तालुक्यांची गावे दहा वर्षांच्या मुलाच्या दमाला बरोबर जुळतात, आणि कौटुंबिक सायकलप्रवासासाठी खानदेशाइतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, याचे पहिले कारण हे आहे.

मुलाचा दम म्हणजे नेमके काय, हे सायकलीच्या दात्यांवरून काढता येते. पायडलला जोडलेल्या मोठ्या दातेरी चकतीला चेनव्हील म्हणतात आणि मागच्या चाकाच्या आसाशी असलेल्या लहान चकतीला फ्रीव्हील. चेनव्हीलचे दाते भागिले फ्रीव्हीलचे दाते केले असता पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या चोवीस इंची सायकलीला पुढे ३२ आणि मागे १६ दाते असतील, तर एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. त्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर असल्याने सायकल ३.८ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला साठ फेरे या सुखाच्या लयीत तिचा वेग ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास पडतो. वडिलांच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीला ४४ आणि १८ दाते असतील, तर तीच लय ताशी एकोणीस किलोमीटरचा वेग देते. पाय सारखेच हलत असताना तासाभरात पाच किलोमीटरचे अंतर पडते, ते यंत्रामुळे पडते. मूल आळशी आहे किंवा मागे राहते, असे समजणाऱ्या पालकाने हा भागाकार एकदा करून पाहावा. वाटेतले चढ व वारा धरले तर मुलाचा खरा वेग ताशी अकरा किलोमीटर मानणे रास्त ठरते. पाऊण तास चालवणे आणि पाव तास थांबणे या हिशेबाने सकाळी साडेसातपासून साडेअकरापर्यंत तीन तास चाक फिरते व तेहतीस किलोमीटर पदरात पडतात, म्हणजे उन्हाच्या आधी जळगावचे कुटुंब धरणगावात पोचलेले असते.

कुटुंबाने एकत्र सायकलवरून जाणे ही खानदेशात बाहेरून आलेली कल्पना नव्हे. पुढच्या दांडीवर नळीला आवळलेल्या छोट्या सीटवर धाकटे मूल, मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आणि मधे पायडल मारणारा बाप, हे आठवडे बाजाराच्या दिवशीचे चित्र दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक गावाच्या वेशीवर दिसत असे, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या माहेरी किंवा मामाच्या गावी असेच जाणे होई. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ मध्ये बाजारात आली, तिच्यामागून मोटारसायकली आल्या, आणि दांडीवरची ती छोटी सीट दुकानांच्या माळ्यावर गेली. दांडीच्या सायकलीच्या त्रिकोणातून पाय घालून, म्हणजे हाफ पायडल मारीत, सायकल शिकण्याची रीतही त्याच काळात मागे पडली. सायकल पूर्णपणे गेली मात्र नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते, आणि शाळेच्या वेळेला तालुक्याच्या रस्त्यांवर ओळीने जाणाऱ्या मुली पाहिल्या तर लांब अंतर रोज कापणारे कसलेले सायकलस्वार आजही याच मुलींमध्ये आहेत, हे मान्य करावे लागते.

मुलाला सोबत नेण्याचे प्रकार वयाप्रमाणे बदलतात. मान व पाठ पूर्ण धरल्याशिवाय, म्हणजे साधारण वर्ष होण्याआधी, मुलाला सायकलवर नेऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे, कारण खड्ड्यांचे धक्के आणि हेल्मेटचे वजन ती मान पेलू शकत नाही. त्यानंतर मागच्या कॅरिअरवर बसवण्याची, पट्टे व पाय ठेवायच्या कवचांसह येणारी सीट वापरतात. युरोपीय मानकाप्रमाणे अशी सीट ९ ते २२ किलो वजनासाठी असते. दांडीवरच्या जुन्या सीटला हे पट्टे आणि कवचे नसत, आणि मुलाची टाच आऱ्यांत सापडून झालेल्या जखमा त्या काळातील अनेकांच्या पायांवर अजून आहेत, म्हणून त्या सीटविषयीचा जिव्हाळा कितीही असला तरी लांबच्या प्रवासात ती वापरू नये. पाच ते आठ वर्षांचे वय सर्वांत अवघड असते, कारण मूल सीटमध्ये मावत नाही आणि दिवसभर स्वतः चालवूही शकत नाही. या वयासाठी ट्रेलर-सायकल हा प्रकार निघाला आहे. तिला पुढचे चाक नसते, पुढची नळी मोठ्या सायकलीच्या सीटच्या दांड्याला जोडलेली असते, आणि मूल हवे तेव्हा पायडल मारते, नको तेव्हा नुसते बसते. ती न मिळाल्यास प्रवासच पुढे ढकलावा. मोठ्या सायकलीला दोरी बांधून मुलाची सायकल ओढण्याची युक्ती भर रस्त्यावर घातक ठरते.

खानदेश सपाट आहे असा सर्वसाधारण समज असून तो निम्माच खरा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी या प्रदेशाची बांधणी आहे, आणि वाघूर, गिरणा, अंजनी, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून तापीकडे वाहत येतात. जळगावहून धुळ्याला जाणारा कोणताही रस्ता यांपैकी मधल्या नद्यांना आडवा जातो. त्यामुळे डोंगर एकही ओलांडावा लागत नसला तरी प्रत्येक नदीपाशी रस्ता पुलाकडे उतरतो आणि पलीकडे चढतो. जळगाव सोडल्यावर बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडताच समोर विद्यापीठाच्या टेकडीकडे जाणारा चढ हा या प्रवासातील मुलाचा पहिला धडा असतो. तीन टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तीन मीटर वर जाणे, डोळ्यांना फारसा जाणवत नाही, परंतु तोच मंद वेग राखायचा तर सपाटीच्या तीन-चार पट ताकद लावावी लागते. गिअर नसलेल्या सायकलीवरच्या मुलाने अशा ठिकाणी उतरून सायकल हाताने चालवावी आणि सोबतच्या मोठ्यांनीही उतरावे. मूल एकटे चालत आहे आणि घरचे पुढे उभे राहून वाट पाहत आहेत, यासारखे मन खट्टू करणारे दृश्य दुसरे नाही.

वाऱ्याचा विचार चढाइतकाच आवश्यक आहे. तापीचे खोरे पश्चिमेकडे खुले असल्याने पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात समुद्रावरचे वारे त्यातून जोराने शिरतात. साक्री तालुक्यातील पठारांवर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली आहे ती याच वाऱ्याच्या भरवशावर. त्या दिवसांत पश्चिमेला तोंड करून सायकल चालवणे मुलाला जवळजवळ अशक्य होते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिवाळ्यात वारा मंद असतो आणि बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणून जळगावहून धुळ्याकडे जाणे हे धुळ्याहून जळगावकडे येण्यापेक्षा किंचित सोपे पडते.

ऋतूच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि मुलांच्या शरीराची घडणच अशी असते की ती ऊन मोठ्यांपेक्षा वाईट सोसतात. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते; हवा त्वचेपेक्षा गार असेल तर हा फायदा ठरतो, पण हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापलीकडे, म्हणजे साधारण पस्तीस अंशांवर गेले की त्याच त्वचेतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. त्यातच मुलांना घाम कमी येतो आणि खेळाच्या भरात तहान उशिरा लागते. यास्तव दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारीची अखेर एवढाच काळ या प्रवासाला योग्य होय, आणि त्यातही दुपारी बारानंतर चाक फिरवू नये. चालवताना दर वीस मिनिटांनी शंभर ते अडीचशे मिलिलिटर पाणी, तहान लागली आहे का हे न विचारता, मुलाला द्यावे. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि थंडीच्या लाटेत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली जाते, त्यामुळे निघताना कानटोपी, हातमोजे व दोन सदरे अंगात असावेत आणि नऊ वाजता ते काढून ठेवायला पिशवीत जागा असावी.

जमिनीचीही स्वतःची तऱ्हा आहे. कापसाची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण आपल्या थरांमध्ये पाणी साठवतात. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता दरवर्षी थोडा वर-खाली होतो आणि वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा बनतो. मोटारीला या लाटा जाणवत नाहीत, सायकलीवरच्या मुलाला मनगटात आणि बैठकीत जाणवतात, म्हणून टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवणे श्रेयस्कर. शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला ओला चिखल मडगार्डमध्ये बसला तर चाक जागच्या जागी अडते आणि काडीने तो उकरून काढण्यावाचून उपाय नसतो. यापेक्षा खरा शत्रू काटा आहे. बाभूळ, वेडी बाभूळ आणि जमिनीलगत पसरणारे गोखरू यांचे काटे रस्त्याच्या कडेच्या मातीत वर्षभर असतात, आणि वाहनाला वाट देण्यासाठी सायकल डांबरावरून खाली उतरवली की पंक्चर जवळजवळ ठरलेले असते. पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक शोधून काढणे महत्त्वाचे, अन्यथा तोच काटा दहा मिनिटांत नवे भोक पाडतो. हे बोट फिरवण्याचे, पंप मारण्याचे आणि वॉल घट्ट करण्याचे काम मुलांकडे सोपवावे. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या डब्यात बुडबुडे शोधणारे मूल त्या दिवसाचा थकवा विसरते.

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या दोन वाटांपैकी पारोळ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी सहा क्रमांकाने ओळखला जाई आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा आहे, चौपदरी व वेगवान असल्याने बारा वर्षांखालील मुलांनी त्यावरून सायकल चालवू नये, असे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. जवळून जाणारा मोठा ट्रक प्रथम हवेने सायकलला बाहेर ढकलतो आणि लगेच पोकळी निर्माण होऊन तिला आत ओढतो. मोठ्या माणसाचे वजन हा झोका सहन करते, मुलाचे करीत नाही. धरणगाव-अमळनेरचा रस्ता लहान आहे, त्यावरही कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर असतात, परंतु त्यांचा वेग मर्यादित असतो. या रस्त्यावर एक मोठे माणूस पुढे, मग मुले आणि सर्वांत शेवटी दुसरे मोठे माणूस असा क्रम ठेवावा, आणि मागच्याने मुलाच्या किंचित उजवीकडून, म्हणजे वाहनांच्या बाजूने चालवावे, जेणेकरून मागून येणाऱ्या चालकाला आधी मोठ्या सायकलीला वळसा घालावा लागेल. या वाटेचा आणखी एक मोठा गुण असा की सुरतेकडे जाणारा लोहमार्ग धरणगाव व अमळनेर या दोन्ही गावांवरून जातो. मूल आजारी पडले किंवा कंटाळले तर सायकली लगेज म्हणून नोंदवून गाडीने जळगावला परतता येते, आणि परतीची वाट उघडी आहे एवढ्या जाणिवेनेच बहुतेक वेळा परतावे लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत या प्रदेशाने सायकलस्वारासाठीच पिके घेतली असावीत असे वाटते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे शंभर ग्रॅममागे सुमारे नव्वद उष्मांक देते, सालीतच बांधलेले असल्याने धुवावे लागत नाही आणि हँडलच्या पिशवीत मावते; दर थांब्याला अर्धे केळे आणि दोन शेंगदाण्याचे लाडू एवढ्यावर मूल पुढच्या पाऊण तासाला तयार होते. मुक्कामी दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकर आणि हिरव्या लांब वांग्यांचे भरीत, नाहीतर वरण-बट्टी. शेवभाजीचा तिखट रस्सा मुलांनी रात्री खावा, सकाळी निघण्यापूर्वी नव्हे.

या तीन टप्प्यांच्या वाटेत मुलांना दाखवण्यासारखे जे आहे ते किल्ले आणि लेण्यांपेक्षा माणसांशी अधिक निगडित आहे. धरणगावला १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी ही पदवी मिळाली तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचेच होते, आणि १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते व तेथील वसतिगृह सांभाळत होते; १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत, आणि ती प्रवचने लिहून घेणारे हात साने गुरुजींचेच होते. त्यामुळे अमळनेर ते धुळे हा शेवटचा पस्तीस किलोमीटरचा टप्पा एका शिक्षकाच्या आयुष्याच्या वाटेनेच जातो, आणि शाळेत त्यांचे नाव ऐकलेल्या मुलाला तसे आवर्जून सांगावे. अमळनेरला एक दिवस न चालवता राहणे चांगले. बोरीच्या पात्रातील सखाराम महाराजांची समाधी, तत्त्वज्ञान मंदिराची शांत वास्तू आणि दुपारची झोप एवढा त्या दिवसाचा कार्यक्रम पुरेसा आहे.

धुळे शहर १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून निवडले, आणि जुन्या शहरातील काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्या त्या काळच्या आखणीची साक्ष देतात. अशा गल्ल्यांतून मुले पत्ता न विचारता वाट काढतात. राजवाडे संशोधन मंडळातील हस्तलिखिते व जुन्या मूर्ती पाहून झाल्यावर, वेळ उरला असेल तर मुंबई-आग्रा रस्त्यावर दहा किलोमीटरवरचा लळिंगचा किल्ला खालूनच पाहावा. तो रस्ता मुलांच्या सायकलींचा नाही, तेथे एसटीने जावे. परतीला धुळ्याहून चाळीसगावपर्यंतची शाखारेल्वे आणि तेथून मुख्य मार्गाने जळगाव असा प्रवास करता येतो. सायकली लगेजमध्ये देण्यापूर्वी चेन उतरली असेल तर चढवून, पायडल आतल्या बाजूला वळवून, हँडलला नावाची चिठ्ठी सुतळीने पक्की बांधावी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर ज्याची सायकल त्याच्याच हातचे अक्षर असावे.